राखीव जागा आणि पक्षाचा व्हिप

लोकसभेत 543 जागा. त्यात अनुसूचित जातींच्या राखीव 84. पण हे 84 जण एका टोळीचे नाहीत. हात कधी वर करायचा, ते ज्याचा त्याचा पक्ष बैठकीत ठरवतो. 1985 च्या पक्षांतरबंदीपासून व्हिप मोडला तर खासदारकीच जाऊ शकते. गोदीतला मुकादम निदान तोंडावर शिव्या देतो!

घटना बदलायला हजर राहून मत देणाऱ्यांतले दोन-तृतीयांश लागतात, शिवाय एकूण सदस्यांचं बहुमत. बढतीतल्या आरक्षणाचं विधेयक डिसेंबर 2012 मध्ये राज्यसभेत 206 विरुद्ध 10 नं पास झालं. लोकसभेत मंत्र्याच्या हातातला कागदच हिसकावला. मतदान झालंच नाही. 2014 ला लोकसभा विसर्जित झाली, विधेयक मेलं. विरोधात तिथं एकाचंही नाव नोंदलं गेलं नाही.

राखीव जागेचा खासदार वस्तीत मत मागायला आला की विचारा, पक्षाच्या बैठकीत तू तोंड उघडलंस का?