२५ नोव्हेंबर : दोन नावं
(कोपर येथील सभेतील भाषण)



२५ नोव्हेंबर म्हटलं की आपल्याला मिराबाल भगिनी आठवतात. याच तारखेला, १९८७ साली, मेजर रामस्वामी परमेश्वरन श्रीलंकेत मारले गेले. जन्म मुंबईचा, ८ महार पलटणीतले अधिकारी. रात्री शोधमोहिमेवरून परतताना तुकडीवर हल्ला झाला. छातीत गोळी लागली, तरी समोरच्याची रायफल हिसकावून त्यांनी त्याला टिपलं आणि शेवटच्या श्वासापर्यंत जवानांना हुकूम देत राहिले. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. शांतिसेनेतले अकराशेहून अधिक जवान गेले. त्यांचं स्मारक आहे कोलंबोजवळ!

पण दुसरी बाजू झाकायची नाही. त्याच ऑक्टोबरात जाफन्याच्या रुग्णालयात आपल्या सैनिकांच्या गोळीबारात डॉक्टर, परिचारिका, रुग्ण मेले. तिथल्या बायकांवर काय गुदरलं, ते जाफना विद्यापीठातल्या डॉ. रजनी तिरानगामा यांनी त्यांच्याकडून ऐकून लिहून ठेवलं. वाघांनाही त्यांनी सोडलं नाही. २१ सप्टेंबर १९८९ रोजी सायकलवरून घरी जाताना त्यांना गोळ्या घातल्या गेल्या.

कुणी म्हणेल, बायकांच्या सभेत मेजर कशाला? आणि मेजरांच्या स्मृतिदिनी रजनी कशाला? मला दोन्ही हवेत. जुलै १९८७च्या करारावर ना त्यांची सही होती, ना जाफन्यातल्या एकाही बाईची. सैन्य पाठवण्याचा निर्णय दिल्लीत झाला. त्याचा जाब मागायचा तर आपण कुणाकडे मागणार आहोत, ते आज बोलूया. आधी दोघांसाठी दोन मिनिटं उभ्या राहूया.