बांधावरचा निवडुंग आणि चुकून आलेला किडा

आज कोडिंग नाही, आज निवडुंग.

दिवाळीत गावी गेलो, तर पप्पा बांधावर फड्या निवडुंग लावायच्या तयारीत. रानडुकरं भुईमूग ठेवत नाहीत आणि तारेचं कुंपण परवडत नाही. फडा रोवला की झालं, पाणी नको, खत नको. मलाही पटलं. लहानपणी त्याची लाल बोंडं खाताना जिभेत कुसळं भरून घेतलीत मी.

पण एका फड्यावर पांढरा कापूस चिकटलेला दिसला. नखाने चिरडला तर बोट लालभडक! मग काय, रात्री मोबाईल घेऊन शोधत बसलो.

हा निवडुंग मूळचा अमेरिका खंडातला. आणि तो कापूस म्हणजे कोचिनील नावाचा किडा, ज्याच्या एका जातीपासून महागडा लाल रंग बनतो. ईस्ट इंडिया कंपनीला तो रंग हवा होता, म्हणून १७९५ मध्ये ब्राझीलहून किडे बंगालमध्ये आणले. पण आली भलतीच जात. मागवलं एक, पार्सलमध्ये दुसरंच! रंग निघाला हलका. किड्याने मात्र उत्तर आणि मध्य भारतातली निवडुंगाची एक जात खाऊन जवळपास संपवली. दक्षिणेत माजलेल्या दुसऱ्या जातीला त्याने तोंडही लावलं नाही. तिच्यासाठी १९२६ मध्ये श्रीलंकेतून वेगळा कोचिनील आणावा लागला. म्हणजे एका बगचा पॅच दुसऱ्या बगला चालला नाही.

ऑस्ट्रेलियात तर १९२५ पर्यंत सुमारे ६ कोटी एकर जमिनीवर निवडुंग पसरला होता. तिथे अर्जेंटिनातल्या एका पतंगाच्या अळ्या कामाला आल्या.

सकाळी पप्पांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अरे, कुंपणापुरताच लावतोय की." मी म्हटलं, "पप्पा, तुटलेला प्रत्येक फडा मूळ धरतो. पाखरं बोंडं खाऊन बिया लांब नेतात. शेजारच्या काकांच्या रानात गेला तर?"

ते जरा गप्प झाले. मग म्हणाले, "जास्तीचे फडे कालच ओढ्यात टाकले मी."

चहा तसाच ठेवून आम्ही दोघं गोणपाटं आणि चिमटा घेऊन निघालो. दोन गोण्या भरल्या. तिसरी अर्धीच झाली, कारण बाकीचे फडे पाण्याबरोबर पुढे गेले होते.