नोंदी दहा हजार, पुरावे पन्नास



माती परीक्षणासाठी नमुना कसा घ्यायचा, हे बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. बांध, विहिरीची कड, झाडाखालची जागा, शेणखताचा ढीग टाळायचा आणि नागमोडी चालत रानभर खड्डे घ्यायचे. एकाच वाफ्यात वीस खड्डे घेतले, तरी माहिती त्या वाफ्याचीच मिळते. कालव्याखालच्या रानात तर एक कोपरा खारवट आणि बाकीचं रान चांगलं, असंही असतं.

रेणूंचं सिम्युलेशन करणाऱ्यांपुढे हाच प्रश्न असतो. औषधाचा रेणू प्रथिनाला किती घट्ट चिकटतो, हे ते संगणकावर पाहतात. समजा, १०० नॅनोसेकंदांची हालचाल दर १० पिकोसेकंदांनी टिपली. नोंदी झाल्या १०,०००. पण प्रथिन आपली ठेवण सावकाश बदलतं, त्यामुळे लागोपाठच्या नोंदी जवळपास सारख्याच असतात. हे साम्य ओसरायला साधारण एक नॅनोसेकंद लागत असेल, तर दोन स्वतंत्र नोंदींत त्याच्या दुप्पट अंतर धरावं लागतं आणि अशा नोंदी उरतात जेमतेम ५०. सॉफ्टवेअरने सगळ्याच स्वतंत्र धरल्या, तर सरासरीतली त्रुटी खरी असते त्याच्या चौदाव्या हिश्श्याएवढीच दिसते. सरासरी कदाचित बरोबर असेल, पण तिच्यावरचा भरवसा खोटा. मग दोन औषधांत नसलेला फरक दिसतो आणि त्यापायी प्रयोगशाळेचे महिने वाया जातात. मला हे फार गंभीर वाटतं.

उपाय जुना आहे. फ्लिव्हब्येर्ग आणि पीटरसन यांनी १९८९ साली तो नीट मांडला. लागोपाठच्या नोंदींचे गट करायचे, गटांच्या सरासऱ्यांवरून त्रुटी काढायची, गट दुप्पट मोठे करत जायचं. त्रुटी वाढत जाऊन एका पातळीला स्थिरावली, की ती धरायची. स्थिरावलीच नाही, तर सिम्युलेशन आणखी चालवायचं.

पद्धतच चुकली, तर मात्र नोंदी वाढवून भागत नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी १९४६ साली ‘नेचर’मध्ये पीककापणीबद्दल हेच दाखवलं होतं: कापणीचा तुकडा फार लहान घेतला, की कडेची रोपं आत धरली जातात आणि उत्पादनाचा अंदाज फुगतो.

गटांच्या पद्धतीने दुरुस्त केलेलं सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर तपासायचं कसं? उत्तर आधीच ठाऊक असलेल्या, पण एकमेकांत गुंतलेल्या आकड्यांच्या १०० मालिका त्याला द्यायच्या. ते ९५ टक्के खात्रीची मर्यादा सांगत असेल, तर सुमारे ९५ वेळा खरं उत्तर त्या मर्यादेत पडायला हवं. ७० वेळाच पडलं, तर सूत्र पुन्हा उघडायचं. या चाचणीला महासंगणक लागत नाही. अशा अनेक सॉफ्टवेअरची संहिता सर्वांना खुली आहे. आपल्या दोन्ही तालुक्यांतल्या संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हे काम साध्या लॅपटॉपवर जरूर हाती घ्यावं.