अन्य भाषा आणि मंडळीची एकी



पाड्यांवर काम करताना एक प्रश्न मला वारंवार विचारतात : अन्य भाषा बोलण्याचे कृपादान आजही आहे का? या प्रश्नावरून दहा घरांची नवी मंडळीही दुभंगू शकते, म्हणून बोलतो.

दोन्ही बाजू १ करिंथ १३ चाच आधार घेतात. भाषा बंद पडतील, असे पौल लिहितो, पण कधी? कोणी म्हणतात, प्रेषितांचा काळ सरला, नवा करार पूर्ण झाला, तेव्हाच. कोणी म्हणतात, पूर्णत्व येईल ते प्रभूच्या पुनरागमनी. तोवर दाने चालूच.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. १९०५ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये संजीवन झाले. पुढे तेथे काही जणी अन्य भाषांत प्रार्थना करू लागल्या. पंडिता रमाबाईंनी हे दान नाकारले नाही. पण आत्म्याच्या बाप्तिस्म्याची तीच एक खूण, असेही मानले नाही. त्यांच्या मते खरी खूण प्रीती.

मलाही तेच पटते. चौदाव्या अध्यायातली शिस्त पाळू : अर्थ सांगणारा नसेल तर मंडळीत शांत राहावे, आणि कोणी मनाईही करू नये. बोलणाऱ्याने इतरांना अपुरे ख्रिस्ती समजू नये. इतरांनी त्याला ढोंगी म्हणू नये.

पेंटेकॉस्टच्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या भाषेत ऐकले. वारली, कोकणा, भिली बोलणाऱ्यांना सुवार्ता त्यांच्या बोलीत कळावी, म्हणून ती बोली शिकू या. त्यावर तर आपल्यात वाद नाही ना?