हृदयाचा प्रतिध्वनी आणि आपली कुटुंबे
(वार्षिक संमेलनातील भाषण)



मंडळाच्या चालकांनी आरोग्यविषयक चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा जिच्याविषयी घरोघरी भय आणि गैरसमज आढळतो अशी एक तपासणी आम्ही विषय म्हणून निवडली. ती म्हणजे हृदयाच्या प्रतिध्वनीची तपासणी, जिला आपण 'टूडी एको' म्हणतो.

मनुष्याच्या कानास ऐकू न येणारा सूक्ष्म ध्वनी छातीतून आत सोडावयाचा आणि हृदयाच्या भिंतींवर व झडपांवर आदळून परतणाऱ्या पडसादांवरून चित्र उभे करावयाचे, एवढेच तिचे तत्त्व होय. १९५३ साली स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर या डॉक्टरांनी व हेल्मुट हर्ट्झ या पदार्थविज्ञानवेत्त्यांनी धातूंतील दोष शोधण्याचे यंत्र हृदयाकडे वळविले. शस्त्रक्रियेपूर्वी रोग्याची मिट्रल झडप अरुंद झाली आहे की गळते आहे, हे एडलर यांस जाणून घ्यावयाचे होते. या तपासणीत सुई नाही, क्ष-किरण नाहीत. गर्भवतीसही ती निर्धोक आहे.

'कार्डिओग्राम चांगला आला, मग एको कशास?' असा प्रश्न नेहमी केला जातो. कार्डिओग्राम हृदयातील विद्युत्प्रवाहाची नोंद देतो. एको हृदय प्रत्यक्ष काम करताना दाखवितो. डाव्या कप्प्यात १२० मिलिलिटर रक्त भरले आणि एका ठोक्यात ७० बाहेर पडले, तर ते प्रमाण सुमारे ५८ टक्के झाले. साधारणतः ५५ ते ७० टक्के हे प्रमाण निरोगी समजतात. परंतु अहवालातील या एकाच आकड्यावर हुरळून अथवा खचून जाऊ नये. मिट्रल झडप अरुंद असता हा आकडा उत्तम येऊ शकतो, तरीही रोग्यास धाप लागते. कारण पंप धड असतो, पण त्याच्याकडे येणारे दार अरुंद असते. हे दार निरोगी माणसात ४ ते ६ चौरस सेंटिमीटर उघडते. ते दीड किंवा त्याहून कमी झाले की विकार गंभीर मानतात.

आता मुख्य मुद्दा. लहानपणी घसा सुजून पुढे ताप येतो, सांधे दुखतात, मूल बरे होते आणि घर ते विसरून जाते. हा ऱ्हुमॅटिक ताप असेल तर झडप मात्र विसरत नाही. कित्येक वर्षांनी ती आखडते. मुलगी उपवर झाली की 'जुने दुखणे कशास उकरावे?' म्हणून मौन पाळले जाते. पुढे गरोदरपणी शरीरातील रक्त जवळजवळ दीडपट होते, नाडी जलद चालते, आणि अरुंद दारातून तो भार पुढे सरकत नाही. सुनेस जिना चढताना धाप लागते, रात्री उशी उंच घ्यावी लागते. सासरी मात्र त्यास अशक्तपणा, क्वचित आळसही म्हटले जाते. अशा मौनाने लेकी दगावतात.

पत्रिकेबरोबर एकोचा कागदही जुळवावा, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. वधूस नाकारण्याचे ते नवे साधन होऊ नये. आमची विनंती एवढीच की, बालपणी असा ताप येऊन गेलेल्या मुलामुलींची डॉक्टरांच्या सल्ल्याने वेळीच एको तपासणी करावी. डॉक्टरांनी सांगितलेली पेनिसिलीनची नियमित इंजेक्शने, बरे वाटू लागले म्हणून, मध्येच सोडू नयेत. विकार आढळलाच तर इलाज आहे: १९८२ साली जपानमधील कांजी इनोए यांनी फुग्याच्या साहाय्याने, छाती न उघडता, अरुंद झडप रुंदावण्याची रीत प्रचारात आणली. योग्य प्रसंगी ती गरोदरपणीही योजता येते.

आजार हा कुळाचा कलंक नव्हे. तो लपविणे मात्र घातक ठरते.