ठराव मुंबईचा, तळे महाडचे
(जिल्हा बैठकीतील भाषण)



आपली जमीन कोरडवाहू, पीक कापूस आणि ज्वारी. मग रायगडातल्या महाड-पोलादपूरच्या भाताच्या मुलखाची गोष्ट आम्ही इथे का काढतो? कारण वर झालेला ठराव खाली गावात का पोचत नाही, हे महाडच्या चवदार तळ्याने जितके स्पष्ट दाखवले तितके दुसऱ्या कशानेही दाखवले नाही.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. सरकारने खात्यांना तसे कळवले. पण तळे महाड नगरपालिकेच्या ताब्यात. तिनेही जानेवारी १९२४ मध्ये ते खुले करण्याचा ठराव केला. प्रांताचा कागद झाला, गावचा कागद झाला. पाणी मात्र मिळाले नाही. १९२६ साली बोल्यांनी पुन्हा ठराव आणला : अंमल न करणाऱ्या नगरपालिकांचे आणि लोकल बोर्डांचे अनुदान बंद करा. दुखणे कुठे आहे ते त्यांनी बरोबर हेरले होते.

शेवटी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसे घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. नगरपालिकेने काय केले? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपलाच ठराव मागे घेतला! मग कोर्टकचेरी. हायकोर्टाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला, तो आंबेडकरांच्या बाजूने. पहिल्या ठरावापासून तेरा वर्षांहून अधिक काळ लोटला.

आता राज्य आपले आहे. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या, १९९३ मध्ये ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली. पण शिड्या दोन आहेत. एक नेमलेल्यांची : अलिबागचा कलेक्टर, महाडचा प्रांत, महाड आणि पोलादपूरचे तहसीलदार, खाली तलाठी, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. दुसरी निवडलेल्यांची : अलिबागची जिल्हा परिषद, दोन पंचायत समित्या, ग्रामपंचायती. मत दुसऱ्या शिडीला, हुकूम बहुतेक पहिल्या शिडीचा, आणि पैशाची किल्ली मुंबईला. जिल्हा परिषदेचा मुख्य कार्यकारी अधिकारीसुद्धा राज्य सरकारच नेमते. २०२२ मध्ये मुदती संपल्यावर अनेक जिल्हा परिषदांवर काही वर्षे प्रशासकच बसले. राज्याचा गाडा अडला नाही, अडला तो आपला.

महाड-पोलादपुरात पावसाळ्यात धो धो पाऊस. तरी उन्हाळ्यात डोंगरावरच्या वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. बाई हंडा घेऊन जाते सरपंचाकडे. सरपंच ठराव देतो. मंजुरी महसूलच्या साहेबाकडे. आपली पऱ्हाटी पावसाने गेली की हेच. पंचनामा गावात, मदतीचा आदेश मुंबईत. आणि कापसाचा हमीभाव, आयात-निर्यात? ते दोन्ही शिड्यांवर नाही, ते दिल्लीत.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. नुसत्या ठरावावर टाळ्या वाजवून घरी जाऊ नका. ग्रामसभेच्या ठरावाची नक्कल घ्या, क्रमांक आणि तारखेसह. ती ज्या कचेरीत द्याल तिथली पोच घ्या. आणि तीन प्रश्न विचारा : हुकूम कोणाचा? पैसा कोणाचा? तारीख कोणती? ज्याच्याकडे हुकूम आणि पैसा, मोर्चा त्याच्याच दारात न्यायचा. सरपंचाशी भांडून दुसऱ्याच्या कुलपाची किल्ली सापडणार नाही.