दोन लेखाशीर्षांच्या मध्ये अडकलेले म्हातारपण



येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये. शिवाय साठीपुढच्या माणसांचे प्रमाण जास्त असलेल्या जिल्ह्यांत सिंधुदुर्गाबरोबर आमच्या रत्नागिरीचेही नाव येते. गणपतीत आणि शिमग्याला घरे भरतात; एरवी कितीतरी वाड्यांत म्हातारी माणसेच उरतात. म्हणून या संमेलनाचे यजमानपद आम्ही मागून घेतले.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम 1996 पासून चालू आहे, वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010-11 पासून. दोन्हींत राज्याला आपला वाटा घालावा लागतो. पण लेखाशीर्षे वेगळी, अहवाल वेगळे. पंच्याहत्तरीची आजी मात्र एकच असते. झोप नाही, अन्नावर वासना नाही, सांधे ठणकतात म्हणून ती प्राथमिक आरोग्य केंद्रात येते आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन, ‘वयोमानाने व्हायचेच’ हे ऐकून परत जाते. तिचे नैराश्य ओळखू शकणारे माणूस जिल्हा रुग्णालयात बसते आणि तिथवर यायला तिला दोन एसट्या बदलाव्या लागतात. घरात स्मृतिभ्रंश झालेले आजोबा असतील तर त्यांना कोणावर सोपवून ती येणार? देशात साठीपुढच्या सुमारे 7.4 टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. त्यांना सांभाळणारेही बहुधा वृद्धच असतात, आणि त्यांच्या थकव्याची नोंद कोणत्याच रकान्यात होत नाही.

राज्यांनी 2020 पर्यंत अर्थसंकल्पाच्या 8 टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्च करावी, असे 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात म्हटले होते. महाराष्ट्र त्या आकड्यापासून दूरच राहिला. रक्कम किती, याइतकेच ती केव्हा येते हेही मला महत्त्वाचे वाटते. मार्चअखेरीला हाती पडलेल्या पैशातून खाटा घेता येतात, यंत्रे घेता येतात. माणूस नेमता येत नाही. या दोन्ही सेवा तर माणसांवरच चालतात. अकरा महिन्यांच्या करारावरच्या समुपदेशकाकडे रुग्ण मन मोकळे करू लागतो, तोवर करार संपत आलेला असतो.

आपण उपकार मागत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी खर्चाने चालणारी सेवा हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे. किमान सेवा जिल्ह्यात उपलब्ध नसेल, तर जिल्ह्यातल्या दुसऱ्या मानसिक आरोग्य केंद्रात घेतलेल्या उपचारांचा खर्च शासनाने द्यायचा आहे. विदर्भ-मराठवाड्यात प्रेरणा प्रकल्पात आशाताई घरोघरी जाऊन शेतकऱ्यांच्या मनावरचा ताण ओळखू लागल्या. तेच काम कोकणातल्या वाड्यांत वृद्धांसाठी का होऊ नये? मात्र त्यासाठी त्यांना वेगळा आणि वेळेवर मोबदला हवा.

उद्याच्या ठरावात ‘निधी वाढवावा’ एवढ्यावर थांबू नका, ही यजमान म्हणून माझी विनंती. वृद्धांच्या मानसिक आरोग्यासाठी दोन्ही कार्यक्रमांतून एकत्र तरतूद, पहिल्या तिमाहीतच निधीचे वितरण आणि तालुक्यागणिक एक कायम समुपदेशक, असे स्पष्ट लिहा. जिल्हा नियोजन समितीकडे तो ठराव घेऊन जायची जबाबदारी स्वागत समिती घेते. गटचर्चा दुपारी सुरू होतील. आशाताईंना तिथे आधी बोलू द्या.